धुक्यातली बासष्ट मिनिटं

गुरुवारी सकाळी डेपोच्या खिडकीत कोपर टेकून एका ड्रायव्हरनं विचारलं, "साहेब, काल माझी गाडी पुलापाशीच बंद पडली. अर्धीच फेरी झाली. ड्यूटी भरली का नाही माझी?" आणि चिटणीसांनी मान वर न करता, गेली कित्येक वर्षं देत आलेलं उत्तर दिलं, "निघालास ना डेपोतून? मग भरली." ड्रायव्हर खूश होऊन गेला. चिटणीसांनी तक्त्यातल्या पुढच्या चौकोनात पेन्सिल टेकवली, आणि ती तिथंच राहिली. बाहेर कुणीतरी इंजिन चालू करून ठेवलं होतं, त्याच्या घरघरीनं टेबलावरचा स्टीलचा पेला बारीक बारीक थरथरत होता. त्यांनी पेल्यावर हात ठेवला. पेला थांबला. गाडी निघाली म्हणजे ड्यूटी भरली. सामना सुरू झाला म्हणजे बंदी भरली. हे दुसरं वाक्य त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते त्यांच्याच डोक्यात, डेपोच्या तक्त्याला खेटून, केव्हा येऊन बसलं होतं कुणास ठाऊक. आणि मागच्या रविवारी त्याच्याच भरवशावर त्यांनी नऊ नंबरपुढे एक नाव लिहिलं होतं.

तसे ते चिटणीस रविवारपुरतेच. सोमवार ते शनिवार ते बस डेपोत ड्यूट्या लावायचे: कोणती गाडी, कोणता ड्रायव्हर, कुणाची सुट्टी, कुणाच्या घरी आजारपण. पण फुटबॉल क्लबचं चिटणीसपद तेवीस वर्षं अंगावर राहिलं की ते कातडीसारखं होतं, आणि आता डेपोतले लोकही त्यांना चिटणीसच म्हणत. दोनचार जणांना तर त्यांचं खरं नाव सांगता आलं नसतं. क्लब तिसऱ्या डिव्हिजनमधला. म्हणजे ज्यांचे सामने टीव्हीवर दिसतात त्यांच्यापेक्षा दोन जिने खाली आणि ज्यांना कुणीच ओळखत नाही त्यांच्यापेक्षा एक पायरी वर. गोलकीपर बेकरीत भट्टीवर, मधल्या फळीतले दोघे एकाच शाळेत शिक्षक, डावीकडचा न्हावी. कुणी पूर्ण वेळ खेळाडू नाही, पण रविवारी बुटांच्या नाड्या बांधताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असा काही भाव यायचा की बाकीचे सहा दिवस म्हणजे नुसती वाट बघणं. चिटणीस स्वतः आयुष्यात चेंडूला लाथ मारायला गेले तर चेंडूऐवजी जमीनच लागायची. त्यांचा खेळ कागदावरचा. नोंदण्या, पत्रं, आणि दर रविवारी खेळाडूंची यादी, कार्बन घालून तीन प्रतींत: पहिली पंचांना, दुसरी समोरच्या संघाला, तिसरी आपल्याला. तेवीस वर्षांत यादीत एक चूक नाही. ही गोष्ट ते कधी बोलून दाखवत नसत, दुसऱ्या कुणीतरी बोलावी अशी व्यवस्था मात्र करत.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही. खणातून संघटनेचं नियमांचं पुस्तक काढलं. कलम एकोणीस कुठं आहे हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. पोटकलम दोन: पंचांनी मध्येच थांबवलेला सामना झालाच नाही असं धरावं, तो पुन्हा खेळवला गेल्यास, पहिल्या वेळी ज्याच्यावर बंदी होती त्या खेळाडूला दुसऱ्या वेळीही खेळता येणार नाही. दोन ओळी. खाली पेन्सिलीची रेघ, आणि रेघ त्यांचीच. पाच-सहा वर्षांपूर्वी पलीकडच्या क्लबच्या चिटणीसाला, म्हणजे त्या औषधाच्या दुकानवाल्याला, हेच पोटकलम त्यांनी फोनवर अर्धा तास समजावून सांगितलं होतं. तो बिचारा म्हणाला होता, "तुम्ही आहात म्हणून आमचं चालतंय हो, चिटणीस." ते दोघं एकमेकांना चिटणीसच म्हणायचे. आणि मागच्या रविवारी ज्याला त्यांनी खालच्या डिव्हिजनमध्ये ढकललं होतं, तो क्लब त्याच औषधवाल्याचा. हिवाळ्यात धुक्यानं बंद पडलेला सामना मोसमाच्या शेवटाला पुन्हा लावला गेला, आणि तोवर गुणांचा असा काही गुंता झाला की हरेल तो खाली जाणार. एक-शून्य. गोल नऊ नंबरचा, उंटाचा. आणि हिवाळ्यात, चार पिवळी कार्डं झाली म्हणून, एका सामन्याची बंदी होती तीही उंटाचीच. नियम सरळ होता. तक्रार सात दिवसांत यावी लागते. सातव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजले की निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आज चौथा दिवस होता. कुणी तक्रार केली तर सामना तीन-शून्यनं औषधवाल्यांचा, आणि आपण खाली. आणि खालच्या डिव्हिजनला नगरपालिका आता मैदान देत नाही, म्हणजे खाली जाणं म्हणजे खरं तर संपणंच. चिटणीसांनी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. ओळी दोनच होत्या, आणि त्याच होत्या.

उंट म्हणजे कप्तान. मान लांब म्हणून उंट. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. सतराव्या वर्षी क्लबात आला तेव्हा फॉर्मवर सही कुठं करायची हेही त्याला चिटणीसांनी बोट ठेवून दाखवलं होतं, आणि आता चौतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप झाला तरी तो सही करण्याआधी त्यांच्या बोटाची वाट बघायचा. अकरा वर्षांपूर्वी याच उंटाच्या डोक्यानं मारलेल्या गोलानं क्लबला चौथ्या डिव्हिजनमधून वर काढलं होतं. त्या हिवाळ्यातल्या रविवारी तो बंदीमुळे साध्या कपड्यांत आला, मफलर गुंडाळून, आणि लाकडी पायऱ्यांवर चिटणीसांच्या शेजारी उभा राहिला. पहिली दहा मिनिटं पलीकडचा गोल दिसत होता. मग गोल गेला, मग मधली रेघ गेली, मग मैदानच गेलं. समोर नुसतं पांढरं, आणि त्यातून बुटांचे, चेंडूचे, हाकांचे आवाज. "काका, डोळे मिटा," उंट म्हणाला, "तसंही काही दिसत नाहीये." त्यांनी मिटले. "हा आता मारला ना, हा आपला न्हावी. त्याचा चेंडू चापट मारल्यासारखा वाजतो. आणि हा बघा, ठोस, हा मोठा मास्तर." चिटणीस ऐकत राहिले. तेवीस वर्षं ते दर रविवारी मैदानावर होते, पण खेळ असा आवाजानं अंगात शिरलेला त्यांनी कधी अनुभवला नव्हता. आपणही आत आहोत, आपल्यालाही कळतंय, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. थर्मासमधला चहा दोघांनी एकाच झाकणातून प्यायला. आणि मग तशाच पांढऱ्यात, तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बहुतेक, उंट म्हणाला, "गुडघा गेलाय, काका. डॉक्टर म्हणतात यंदाचं वर्ष कसंबसं. घरी सांगितलं नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगितलं." त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल ते आणि बायको फार पूर्वीच बोलायचे थांबले होते; पण 'तुम्हाला सांगितलं' हे तीन शब्दांएवढंही नसलेलं वाक्य ऐकून त्यांना जे झालं, ते बापालाच होत असणार अशी त्यांची खात्री होती. "या मोसमात क्लब इथंच ठेवून जातो," उंट म्हणाला, "मग बसतो तुमच्या शेजारी कायमचा." बासष्टाव्या मिनिटाला शिट्टी वाजली, कुठून वाजली कळलं नाही, आणि धुक्यातून एकेक खेळाडू असा बाहेर आला जणू कुणी त्यांना तिथल्या तिथे बनवत होतं. पायऱ्या उतरताना उंटानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दिसत नव्हतं म्हणून.

हा सामना झालाच नाही असं धरावं, असं पुस्तक म्हणत होतं.

आणि मागच्या रविवारी, खेळाडूंच्या खोलीत, मलमाच्या वासात, उंटानं गुडघ्याला पट्टी गुंडाळता गुंडाळता वर न बघता विचारलं होतं, "काका, मी चालतो ना?" आणि त्यांनी यादीवरून वर न बघता सांगितलं होतं, "चालतोस." एवढंच. दोघांपैकी एकानं जरी मान वर केली असती तरी. पण का करावी? तो बंदीच्या दिवशी बाहेर बसला होता. बसला होता म्हणजे उभा होता, चिटणीसांच्या अगदी खांद्याला खांदा लावून, थंडीनं त्याचे दात वाजत होते ते त्यांनी ऐकले होते. त्याहून पक्की बंदी कुणी भोगायची? ती भोगलीच नाही हे सांगायला कागद आणणारे हे कोण? असा थोडा वेळ चिटणीसांना संघटनेचा राग आला, बरंही वाटलं, मग तो राग ओसरला आणि खाली तेच राहिलं, की हा कागद त्यांना पाठ होता.

शुक्रवारी दुपारी अर्धी रजा टाकून ते उंटाला सांगायला गेले. एका आठ मजली ऑफिसच्या इमारतीत तो काम करत होता. दरवानानं बोट दाखवलं. तळमजल्याला लिफ्टचं दार उघडंच होतं, आत पिवळा दिवा, आणि छपराच्या चौकोनी भोकातून उंटाचा आवाज आला, "कोण, काका? आत या ना. हलणार नाही, मोटर बंद केलीय." ते लिफ्टमध्ये जाऊन उभे राहिले. वर पान्ह्याचा आवाज, ग्रीसचा वास. उंटाचे नुसते बूट दिसत होते. "काय म्हणता? अहो, इथं सगळे मला ओळखायला लागले एका दिवसात. तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणते, तुम्हीच का ते गोलवाले. आठ वर्षं हिची लिफ्ट दुरुस्त करतोय." चिटणीस हसले. हसल्याचा आवाज लिफ्टमध्ये जरा मोठाच झाला. "धाकटीनं तर कमाल केली," उंट सांगत होता, "शाळेत निबंध लिहिला, माझे बाबा. शेवटी काय, तर माझ्या बाबांनी क्लब वाचवला आणि आता ते म्हातारे होणार आहेत. मग काय, सांगितलं घरी गुडघ्याचं. बायको रडली थोडी. म्हणाली, बरं झालं, चांगल्या वेळी थांबलात. काका? आहात ना?" "आहे," चिटणीस म्हणाले. सांगायचं वाक्य त्यांनी बसमध्ये चार वेळा जुळवलं होतं. "काही काम होतं का?" "नाही रे. इकडून चाललो होतो." "तुमच्या डेपोपासून हे उलट्या टोकाला आहे," उंट हसत म्हणाला, आणि मग पान्हा थांबला. चिटणीसांना वाटलं, आता हा विचारणार. विचारलं तर सांगून टाकू. पण उंट म्हणाला, "मला भेटायलाच आलात. सरळ सांगा की." आणि पान्हा पुन्हा फिरू लागला. बाहेर रस्त्यावर येऊन चिटणीस एका बंद दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. एका माणसानं त्यांना पाणी हवंय का विचारलं.

बायकोला मात्र शनिवारी सकाळी सांगितलं, कारण तिनंच पकडलं. चहात साखर दोनदा घातली होती. ती चष्मा कपाळावर सरकवून ऐकत राहिली. क्लबच्या शर्टांवरचे आकडे सुरुवातीची दहा वर्षं तिनं हातानं शिवलेले, त्यामुळे नऊ नंबर म्हटल्यावर तिला कापडासकट आठवत होतं. "कुणाकुणाला ठाऊक आहे?" तिनं विचारलं. "मला. आणि आता तुला." "मग तिसऱ्याला कशाला सांगायचं?" "अगं, पण खोटंय ते." "काय खोटंय? गोल खोटा होता? मी स्वतः बघितला." ती उठली, कप धुतला, त्यांचाही धुतला, तो अजून भरलेला होता. "तुमची चूक कुणी काढली नाही म्हणून तुमचाच जीव खालीवर होतोय," पाठमोरीच म्हणाली. "तेवीस वर्षं बरोबर होतात ते कुणी विचारायला आलं नाही. एकदा चुकलात तर लगेच दवंडी पिटायची. त्या पोराच्या गळ्याला फास तुमच्या समाधानासाठी?" हे शेवटचं तिला बोलायचं नव्हतं. तिनं टॉवेलला हात पुसले आणि हळू आवाजात म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत गप्प राहा. बाकी काही करू नका. गप्प राहणं तर जमतं तुम्हाला." ते खरं होतं. गप्प राहणं त्यांना जमायचं, आणि आता ते एक काम म्हणून करायचं होतं, घड्याळ लावून. त्या दिवसभरात त्यांनी कपाटातली फाइल तीनदा काढली. धुक्याच्या सामन्याच्या यादीची त्यांची प्रत, तिसरी प्रत, जवळजवळ कोरी होती. त्या दिवशी कागद दमट झाला होता, कार्बन उमटलाच नव्हता. उजेडात तिरका धरला तर दोनतीन आकडे, एखादा काना, बाकी काही नाही. नऊ नंबरच्या जागी कुणाचंही नाव वाचता आलं असतं. दुसरी प्रत औषधवाल्याकडे, तिचंही हेच झालं असणार. खणखणीत अशी एकच, पंचांची, आणि ती संघटनेच्या कपाटात. तक्रार आल्याशिवाय ते कपाट कुणी उघडत नाही. म्हणजे ते कपाट बंद असेतोवर जगात त्या दिवसाचा वाचता येण्यासारखा पुरावा एकच होता, आणि तो स्वयंपाकघरात बसून साखरेचा डबा बघत होता.

रविवारी पाच वाजता फोन वाजला तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. बायको खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती, तिनं घडी तशीच हातात धरली. "चिटणीस, मी बोलतोय," औषधवाला म्हणाला. मागे दुकानातली बाटल्यांची किणकिण. "अभिनंदन करायचं राहिलं होतं. खरं तर जमलं नाही. आठवडाभर आमच्याकडे सुतकच आहे." "असणारच," चिटणीस म्हणाले. "आमच्या मैदानाचंही आता काय, तुम्हाला माहीतच आहे नियम. असो. एक विचारायचं होतं. राग मानू नका. धुक्याच्या त्या सामन्यात तुमच्या उंटावर बंदी होती का हो? तुम्ही कार्डं मोजता, आम्ही कुठलं मोजतोय. माझ्या पोरांमध्ये भांडणं लागलीत. अर्धे म्हणतात तो नव्हता. अर्धे शपथेवर सांगतात होता, एकजण तर म्हणतो त्यानं मला कोपर मारलं. धुक्यात कुणी मारलं कुणाला ठाऊक. माझी प्रत तर पार कोरी आहे. नुसत्या संशयावर संघटना तक्रार घेत नाही, आणि मला तर घालायचीच नव्हती. मी पोरांना म्हटलं, अरे, यादी कुणी केलीय बघा. तो माणूस चुकत नाही. आजवर चुकला नाही." तो थांबला. "तेव्हा तुम्ही सांगाल तेच मी खरं धरणार. होता ना तो मैदानात? एवढं सांगा, म्हणजे मी पोरांना गप्प करतो."

होता. एक शब्द. बायको त्यांच्याकडे बघत होती, तिचे ओठ तोच शब्द करत होते की काय कुणास ठाऊक. होता म्हटलं तर उंट पांढऱ्यात शिरणार, आवाजांमधला एक आवाज होणार, आणि पायऱ्यांवर चिटणीस एकटे उभे असणार. थर्मास एकट्याचा, न्हाव्याचा चेंडू ओळखून सांगणारं कुणी नाही, गुडघा कुणी सांगितला नाही, खांद्यावर हात नाही. पुस्तकानं सामना पुसला होता, कार्बननं नावं पुसली होती. ती बासष्ट मिनिटं आता फक्त ते म्हणतील तेवढीच उरली होती, आणि ती आपल्याच तोंडानं पुसायची म्हणजे काय, हे त्यांना कुणाला समजावून सांगता आलं नसतं. खरं बोलायचं म्हणून ते बोलले असं नाही. त्यांना दुसरं काही बोलताच येईना.

"नव्हता," ते म्हणाले. "माझ्या शेजारी उभा होता."

बाटल्यांची किणकिण थांबली. बायकोनं घडी मोडून पुन्हा घालायला घेतली.

"म्हणजे..." औषधवाला म्हणाला. "चिटणीस, पण मग मला पाठवायला लागेल हो. माझी पोरं आहेत. मला माहीत असून... तुम्ही 'होता' म्हणाला असतात तरी चाललं असतं." "सहाच्या आत पोचायला हवी," चिटणीस म्हणाले. "आता सव्वापाच होताहेत. कागद आहे जवळ?" "आहे." "कलम एकोणीस, पोटकलम दोन. मागच्या वेळी तुम्ही पोटकलम लिहिलं नव्हतं, म्हणून परत आली होती." "हो. कारण काय लिहू? धुकं?" "धुकं नको. बासष्टाव्या मिनिटाला पंचांनी थांबवलेला सामना, असं लिहा. आणि खाली, पहिल्या यादीची पंचांची प्रत तपासावी." लिहिल्याचा आवाज फोनमधून येत होता, पेन कागदावर खरखरत होतं. "खेळाडूचं पूर्ण नाव?" चिटणीसांनी सांगितलं. त्याचं, त्याच्या वडिलांचं, आडनाव, सगळं. सतरा वर्षं दर रविवारी ते त्यांनी लिहिलं होतं, पण तोंडानं उच्चारल्याचं त्यांना आठवेना. ते नाव कुणा परक्याचं वाटलं, त्यांना त्या परक्याची दया आली. बायको उठून आतल्या खोलीत गेली.

"शर्टाचा नंबर नऊ," औषधवाला पुटपुटला. "झालं वाटतं. पाठवू?"

"एकदा वाचून दाखवा," चिटणीस म्हणाले. "चूक राहायला नको."